अवजाराची मूठ आणि राबणारा हात

शेतीच्या अवजाराची पारख बहुधा त्याच्या पात्यावरून केली जाते. विळ्याचे पोलाद कसे आहे, खुरप्याची धार किती दिवस टिकते, कोयत्याला लोहाराने पाणी नीट दिले आहे की नाही, याची चौकशी प्रत्येक जाणता शेतकरी करतो. मुठीची चौकशी मात्र क्वचितच होते. हाताला येईल तो लाकडाचा तुकडा ठोकून बसविला की अवजार तयार झाले, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः पात्याचा संबंध पिकाशी आणि मुठीचा संबंध माणसाशी असतो. पात्यातील दोष तत्काळ दिसतो, कारण पीक नीट कापले जात नाही. मुठीतील दोष मात्र लपून राहतो, कारण काम होतच असते; त्याची झीज सोसावी लागते ती राबणाऱ्या मनगटाला.

ही झीज किती असू शकते, याची कल्पना साध्या हिशेबाने येईल. भातकापणीच्या हंगामात एखाद्या मजूर स्त्रीने मिनिटाला केवळ पंधरा वेळा विळा ओढला असे धरले, तरी सहा तासांच्या कामात तिचा हात ५,४०० वेळा आवळला जातो आणि तितक्याच वेळा मनगट वळते. दहा-बारा दिवसांच्या कापणीत ही संख्या अर्ध्या लाखाच्या पुढे जाते. प्रत्येक वेळी थोडासाच जादा जोर लागत असला, तरी त्याची बेरीज लहान नसते. हंगाम संपता संपता अंगठ्याच्या मुळाशी होणारी ठसठस, रात्री बोटांना येणाऱ्या मुंग्या, सकाळी मूठ वळण्यास होणारा त्रास या तक्रारी ‘कामाचा शीण’ म्हणून दुर्लक्षिल्या जातात. पुढील हंगामात हात साथ देईनासा झाला म्हणजे मात्र त्या कुटुंबाची रोजची मजुरीच बुडते.

जुना विकार, नवे शास्त्र

एकच हालचाल वारंवार केल्याने हाताला विकार जडतो, हे ज्ञान आजचे नाही. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या पुढील विवेचनात त्याने कारकून आणि लेखनिक यांच्या दुखण्याचीही दखल घेतली. सतत बसणे, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण, ही त्यांच्या दुखण्याची तीन कारणे त्याने सांगितली. म्हणजे लेखणीची मूठ आणि विळ्याची मूठ यांत हाताच्या दृष्टीने फार मोठे अंतर नाही. कचेरीत दिवसभर लिहिणाऱ्या वा फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या वाचकांसही हे पटण्यासारखे आहे.

काम माणसाच्या शरीराला अनुरूप करण्याच्या शास्त्रास ‘एर्गोनॉमिक्स’ म्हणतात. हा शब्द व्होईचेख यास्त्रझेंबोव्स्की या पोलिश शास्त्रज्ञाने १८५७ साली प्रथम वापरला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ साली, ब्रिटनमध्ये या विषयाची स्वतंत्र संशोधन संस्था स्थापन झाली आणि तेव्हापासून हे शास्त्र वाढीस लागले. त्याचे सूत्र एका वाक्यात सांगता येईल : अवजार हाताप्रमाणे घडवावे, हात अवजाराप्रमाणे वाकवू नये.

हात कसा आवळला जातो

बोटांची मूठ वळविणारे प्रमुख स्नायू बोटांत नसून कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात. तेथून निघालेल्या चिवट दोऱ्या, ज्यांना कंडरा म्हणतात, मनगटातून पुढे बोटांपर्यंत जातात. मनगटाशी आठ लहान हाडे आणि त्यांवरील एक घट्ट पट्टा यांमध्ये अरुंद बोगदा तयार झालेला असतो. बोटे वळविणाऱ्या नऊ कंडरा आणि एक महत्त्वाची मज्जातंतूची शीर एवढ्या जागेतून जातात. मनगट वाकलेल्या स्थितीत जोराने मूठ आवळली की या कंडरा बोगद्याच्या कडांवर घासतात आणि शिरेवर दाब येतो. ही क्रिया दिवसभर चालू राहिली तर कंडरांना सूज येते, बोगद्यातील जागा आणखी कमी होते आणि अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होऊ लागते.

याचा एक सोपा प्रयोग कोणत्याही वर्गात करून दाखविता येईल. मनगट सरळ ठेवून मूठ घट्ट आवळावी. नंतर मनगट तळहाताच्या बाजूस पूर्ण वाकवून पुन्हा तेवढ्याच जोराने मूठ आवळण्याचा प्रयत्न करावा. बोटे नीट मिटतच नाहीत असे दिसून येईल. मनगट वाकले की पकडीची शक्ती घटते. घटलेल्या शक्तीने तेवढेच काम करावयाचे म्हणजे स्नायूंना अधिक राबावे लागते. म्हणून चांगल्या मुठीची पहिली कसोटी म्हणजे काम करताना मनगट शक्य तितके सरळ राहणे ही होय.

या संदर्भात न्यूयॉर्क विद्यापीठातील अर्विन तिचाउर यांनी १९७०च्या दशकात प्रसिद्ध केलेली तुलना उद्बोधक आहे. विद्युत्‌ उपकरणांच्या कारखान्यातील शिकाऊ कामगारांपैकी काहींना नेहमीची सरळ दस्त्याची पक्कड, तर काहींना वळविलेल्या दस्त्याची पक्कड देण्यात आली. बारा आठवड्यांच्या अखेरीस सरळ पक्कड वापरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना हाताच्या तक्रारी सुरू झाल्या. वळविलेली पक्कड वापरणाऱ्यांत हे प्रमाण दहांत सुमारे एक एवढेच होते. काम तेच होते. फरक होता तो दस्त्याच्या वळणाचा.

मुठीची मापे

मूठ जाड असावी की बारीक, याचे उत्तर कामावर अवलंबून आहे. जोराच्या कामासाठी एका हाताने धरावयाच्या अवजाराच्या मुठीचा व्यास सुमारे ३.२ ते ५ सेंटीमीटर आणि लांबी किमान १० सेंटीमीटर असावी, असे अमेरिकेतील सरकारी संस्थांच्या २००४ च्या मार्गदर्शिकेत सुचविले आहे. नाजूक कामाच्या अवजारांसाठी हाच व्यास सुमारे ०.६ ते १.३ सेंटीमीटर सांगितला आहे. ही मापे तिकडील कामगारांना समोर ठेवून ठरविलेली आहेत. आपल्याकडील ग्रामीण स्त्रियांचे हात लहान असल्याने विळा-खुरप्यासाठी या पल्ल्याच्या खालच्या टोकाजवळून, म्हणजे तीन ते साडेतीन सेंटीमीटरपासून, आरंभ करणे इष्ट ठरेल. अंतिम निर्णय मात्र प्रत्यक्ष हातावर घ्यावा. मूठ धरली असता अंगठ्याचे टोक तर्जनीच्या टोकाला सहज भेटावे, हा त्याचा सोपा निकष आहे. दोन्हींत अंतर राहत असेल तर मूठ जाड आहे. बोटांची टोके तळहातात रुतत असतील तर ती बारीक आहे.

सुताराकडे व्यास मोजण्याचे साधन नसेल तर दोऱ्याने काम भागते. मुठीभोवती दोरा एकदा गुंडाळून त्याची लांबी मोजावी. ती साडेनऊ सेंटीमीटरच्या आसपास असेल तर व्यास तीन सेंटीमीटर आणि अकरा सेंटीमीटर असेल तर साडेतीन सेंटीमीटर समजावा.

आखूड मूठ विशेष त्रासदायक असते. तिचे मागील टोक तळहाताच्या मध्यभागी टोचते आणि तेथील नसांवर व रक्तवाहिन्यांवर दाब आणते. म्हणून मूठ चारही बोटांना पुरून तळहाताच्या बाहेर थोडी उरेल इतकी लांब असावी. बोटांसाठी खाचा पाडलेली मूठ दिसण्यास शास्त्रीय वाटते, परंतु ती ज्या मापाच्या हातासाठी केलेली असते त्यालाच सोयीची असते. इतरांच्या बोटांच्या सांध्यांवर त्या खाचांचे उंचवटे येतात. एकच विळा घरातील सासू, सून आणि मुलगा असे तिघे वापरत असतील तर बिनखाचांची, किंचित लंबगोल मूठच बरी. लंबगोल मूठ हातात फिरत नाही, त्यामुळे पाते सरळ राखण्यासाठी जादा आवळावे लागत नाही.

मुठीचा पृष्ठभागही महत्त्वाचा आहे. चकचकीत रोगण दिलेली मूठ दुकानात आकर्षक दिसते, पण घामाने ओल्या झालेल्या हातातून ती निसटू लागते आणि निसटू नये म्हणून बोटे अधिक आवळली जातात. घासून साफ केलेले, परंतु रोगण न दिलेले बाभळीसारखे कठीण लाकूड या दृष्टीने चांगले. मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळण्याची युक्ती अनेकांना माहीत आहे. ती उपयोगी आहे. मात्र तिने जाडी वाढते, हे लक्षात ठेवून आतील लाकूड तेवढे बारीक करून घ्यावे.

लांब दांड्याचे गणित

आखूड मुठीच्या अवजारात पकड महत्त्वाची, तर लांब दांड्याच्या अवजारात तरफेचे गणित महत्त्वाचे ठरते. कोकणात आंबे उतरविण्यासाठी वापरला जाणारा झेला हे त्याचे परिचित उदाहरण आहे. समजा, काठी तीन मीटर लांब व एक किलो वजनाची आहे आणि टोकाची जाळी व तीतील आंबा मिळून पाऊण किलो भार आहे. एक हात काठीच्या बुडाशी आणि दुसरा त्यापुढे ६० सेंटीमीटरवर धरून ही काठी आडवी तोलली, तर पुढील हातावर सुमारे सव्वासहा किलोंचा भार येतो आणि मागील हाताला साडेचार किलोंच्या जोराने बूड खाली दाबून धरावे लागते. दोन हातांतील अंतर एक मीटर केले की हेच आकडे अनुक्रमे पावणेचार आणि दोन किलोंवर येतात. टोकावरील भार तोच, काठीही तीच. केवळ हात ठेवण्याच्या जागा बदलल्याने श्रम इतके उतरतात. फळाच्या शक्य तितके खाली उभे राहून काठी उभी धरली तर ते आणखी कमी होतात.

पाण्याच्या काठी उभ्या असलेल्या गळकरी माणसाच्या काठीलाही हेच गणित लागू पडते. कॅनडात आणि अमेरिकेच्या विस्कॉन्सिन, मिनेसोटा यांसारख्या सरोवरांच्या राज्यांत ‘मस्की’ या मोठ्या शिकारी माशाची गळाने मासेमारी करण्याचा छंद लोकप्रिय आहे. विस्कॉन्सिनने १९५५ साली या माशाला राज्याचा मासा म्हणून मान्यता दिली. हा मासा मोठा हुलकावणी देणारा असून दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा तो लागतो, असे तिकडे म्हटले जाते. त्यासाठीचे कृत्रिम आमिष जड, काठी आठ-नऊ फुटांची आणि फेक दिवसभर चाललेली. त्यामुळे मनगट, कोपर आणि खांदा दुखणे हा तेथील नेहमीचा अनुभव आहे. त्यावर उपाय म्हणून काठीचा मागील दस्ता लांब ठेवतात. त्यामुळे फेकताना दोन हातांत पुरेसे अंतर राहते आणि आमिष ओढून घेताना दस्ता हाताखाली अंगाशी टेकवता येतो. पकडीच्या जागी बूच किंवा दाट फोम लावतात आणि चरकी बसविण्याची जागा तळहात भरेल अशी घडवितात.

येथे एक फरक ध्यानी घेण्यासारखा आहे. छंद म्हणून मासे धरणाऱ्याचा हात दुखू लागला तर तो काठी खाली ठेवू शकतो आणि पुढच्या खेपेस आपल्या पैशाने आपल्या हाताला साजेल अशी मूठ विकत घेऊ शकतो. रोजंदारीवर कापणी करणाऱ्या स्त्रीला यांपैकी काहीच करता येत नाही. तिच्या हातातील विळा बहुधा दुसऱ्या कोणीतरी निवडलेला असतो. ज्याला मुठीची गरज सर्वाधिक, त्याचाच निवडीशी संबंध सर्वांत कमी, असा हा विरोधाभास आहे.

विळ्यातील सुधारणा

आपल्या देशात या दिशेने झालेले काम कमी नाही. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाने, म्हणजे आजच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने, भातकापणीसाठी ‘वैभव’ विळा आणि देठासह आंबे उतरविण्यासाठी ‘नूतन’ झेला विकसित केला. १९७६ साली स्थापन झालेल्या भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेचा ‘नवीन’ विळाही याच प्रयत्नांपैकी एक होय. हे विळे दातेरी पात्याचे आणि वजनाने हलके आहेत. दातेरी पात्याला वारंवार धार लावावी लागत नाही. ‘वैभव’ विळ्याने भात जमिनीलगत कापता येते, त्यामुळे धसकटांत उरणाऱ्या खोडकिड्याच्या अळ्याही कमी होतात.

धार आणि मूठ यांचा संबंध येथे स्पष्ट होतो. बोथट पाते अधिक जोराने ओढावे लागते आणि अधिक जोराने ओढण्यासाठी मूठ अधिक आवळावी लागते. उत्तम मूठ बसविली तरी पाते बोथट असेल तर तिचा लाभ मिळत नाही. दातेरी विळ्याचेही दाते कालांतराने झिजतात. ते पुन्हा पाडून घेण्याची सोय गावात किंवा जवळच्या बाजारात आहे ना, हे खरेदीपूर्वीच पाहिले पाहिजे. त्याचप्रमाणे पाते आणि मूठ यांच्या जोडाशी किंचित वळण असेल तर जमिनीलगत कापताना बोटांची पेरे मातीवर घासत नाहीत आणि मनगटही सरळ राहते. एका बाजूस उतार दिलेले पाते बहुधा उजव्या हातासाठी असते. डावखुऱ्या स्त्रीला ते सतत मनगट पिळून वापरावे लागते, याचाही विसर पडू नये.

मापे कोणाच्या हाताची?

अवजारांचे आराखडे दीर्घकाळ पुरुषांचे शरीर गृहीत धरून केले जात. आपल्याकडे भाताची लावणी, निंदणी, खुरपणी आणि कापणी यांचा मोठा भार स्त्रिया उचलतात. स्त्रियांची पकडीची शक्ती सर्वसाधारणपणे पुरुषांच्या सुमारे साठ टक्के असते आणि तळहातही लहान असतो. अशा हातात पुरुषी मापाचे अवजार दिले तर तेच काम करण्यासाठी तिला आपल्या शक्तीचा मोठा हिस्सा खर्च करावा लागतो. ही उणीव भरून काढण्यासाठी भारतीय शेतमजूर स्त्री-पुरुषांच्या शरीराची मापे आणि शक्ती यांची पद्धतशीर नोंद करण्यात आली. भोपाळच्या संस्थेने २००९ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली असून तीत शरीराची ७९ मापे आणि शक्तीची १६ परिमाणे दिली आहेत. अवजारे बनविणाऱ्यांना व खरेदी करणाऱ्यांना हा आधार आज उपलब्ध आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२४ साली ठराव करून २०२६ हे वर्ष आंतरराष्ट्रीय शेतकरी महिला वर्ष म्हणून घोषित केले. अशा वर्षाचा गौरव भाषणांनी होतो तसा तो तिच्या हातातील मूठ सुधारूनही करता येईल.

गावपातळीवर काय करता येईल?

अवजारे वस्तुरूपाने वाटली जावोत किंवा अनुदानाची रक्कम लाभार्थीच्या बँक खात्यात जमा होवो, निवडीचा क्षण दोन्ही प्रकारांत येतोच. त्या क्षणी वापरणाऱ्या स्त्रियांचा शब्द प्रमाण मानला जावा, एवढे ग्रामपंचायतीला निश्चित करता येईल. खरेदीपूर्वी चार-पाच प्रकारचे विळे आणून गावातील लहान-मोठ्या हातांच्या आठ-दहा स्त्रियांना प्रत्येकी अर्धा तास शेतात वापरावयास द्यावेत. कोणता विळा तळहातात टोचतो, कोणता घामाने निसटतो, कोणत्याने मनगट वळते, हे त्या नेमके सांगतील. बचत गटांच्या बैठकीत हा कार्यक्रम सहज होऊ शकतो. सर्वांना एकाच मापाची मूठ घेण्याऐवजी लहान आणि मोठी अशा दोन मापांच्या मुठी मागविल्यास खर्चात विशेष फरक पडत नाही. जुन्या विळ्यांच्या मुठी गावच्या सुताराकडून बदलून घेणे तर त्याहून स्वस्त आहे.

शाळांना यात मोलाचा वाटा उचलता येईल. विद्यार्थ्यांनी दोरा आणि मोजपट्टी घेऊन आपल्या घरातील अवजारांच्या मुठी व त्या वापरणाऱ्यांचे तळहात मोजावेत आणि तक्ता तयार करावा. काठीवर वर्तमानपत्राचा कागद थोडा थोडा गुंडाळत नेऊन कोणत्या जाडीवर पकड सर्वांत सोयीची वाटते, हे प्रत्येकाने शोधावे. गणितातील परीघ व व्यास, विज्ञानातील तरफ आणि शरीरशास्त्रातील हाताची रचना हे तीनही धडे एका विळ्याच्या मुठीत सापडतात. असा तक्ता ग्रामसभेपुढे ठेवला तर तो खरेदीच्या वेळी उपयोगी पडेल.

मुठीकडून अवास्तव अपेक्षाही करू नयेत. दिवसभर वाकून काम केल्याने होणारे पाठीचे दुखणे चांगल्या मुठीने बरे होत नाही, आणि विश्रांतीची जागा कोणतीही मूठ घेऊ शकत नाही. तासा-दीड तासाने काही मिनिटे हात मोकळे सोडणे, कापणी आणि पेंढ्या बांधणे ही कामे आलटून पालटून करणे, हे उपाय मुठीच्या जोडीनेच योजले पाहिजेत. बोटांचा बधिरपणा रात्री झोपमोड करू लागला किंवा वस्तू हातातून गळून पडू लागल्या तर तो शीण न समजता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. असा विकार आरंभी आटोक्यात आणणे सोपे असते; शिरेवरील दाब दीर्घकाळ राहिला तर हाताची शक्ती कायमची घटू शकते.

ग्रामीण विकासाच्या योजनांत धरणे, रस्ते आणि यंत्रे यांचा विचार होतो आणि तो आवश्यकच आहे. त्याच विचारात दहा-बारा सेंटीमीटर लांबीच्या एका लाकडी तुकड्यालाही स्थान मिळावयास हवे. अवजारांच्या यादीवर सही करण्यापूर्वी त्यांतील एक अवजार उचलून, जिला ते वापरावयाचे आहे तिच्या हातात द्यावे आणि तिचे म्हणणे ऐकून घ्यावे. त्यासाठी वेगळ्या निधीची किंवा मंजुरीची आवश्यकता नाही.